मुक्या देवाचा नारळ

२० नोव्हेंबर २०१२, मंगळवार

मॅडमनी दोन वह्या दिल्या. एक पाखरांची. कुठलं पाखरू कुठल्या झाडावर दिसलं ते त्यात लिहायचं. दुसरी माजी. "गोदू, यात तुझं तू लिही. मी उघडून बघणार नाही," बोलल्या. माजं काय लिहू? सातवी नापास बाई मी. सही करताना पण हात कापतो.

तरी लिहिते. घरात मी, नवरा जैतू, सासू ठमाबाई नि आमची पूर्वी, पावणेदोन वरसांची. राहतो हेदवाडीत. पनवेलवरून एसटीनं पाऊण तास, मंग चालत. वाडीच्या मागं मिल्ट्रीचा डोंगर हाय. तिथं आधी चांदमारी चालायची. जवान बंदुका नि तोफा उडवून शिकायचे. आता चार वरसं बंद हाय. छावणीच्या मोठ्या साहेबांनी ठरवलंय, डोंगर बघायला माणसं आणायची. मुंबई-पुण्याची. दिवसाला फक्त चाळीस. प्लास्टिक नाय, गाणी नाय, गाडी खालीच. वाट आमच्या वाडीतल्या सहा बायकांनी दाखवायची, जेवण पण आमीच रांधायचं. पाखरं अंडी घालतात तेव्हा डोंगर बंद. हे सगळं काम बघतात त्या वसुंधरा मॅडम बोलल्या, "डोंगर जगला तर माणसं दरवर्षी येतील, आणि तुम्हाला वीटभट्टीवर जावं लागणार नाही."

वीटभट्टीवर जावं लागणार नाय हे मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो बोलल्या.

२४ नोव्हेंबर, शनिवार

आज शिकवणी झाली. शेजारची गंगू आजी पण आली होती, तिला चुलीचं काम हाय. मॅडमनी जेवणात काय काय ते वाचलं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, रानभाजी, ठेचा.

गंगू आजी बोलली, "पिठलं खायाला मुंबईवरून येनार? त्यांच्या घरच्या बायका रुसल्यात काय?"

सगळ्या हसल्या. मॅडम पण हसल्या. मी हसली नाय, मला भीती वाटत होती की मॅडमना राग येईल नि काम जाईल. मला सगळ्याची भीती वाटते. साहेबांची, कुत्र्याची, पूर्वी जास्त वेळ झोपली की तिची पण. नाकाशी बोट धरून बघते.

ही भीती भट्टीवर बसली. गेल्या साली पूर्वी आठ म्हयन्यांची होती. ताप डोक्यात गेला, डोळे पांढरे केलेन, अंग लाकडासारखं झालं. टेम्पोत घालून पनवेलला दवाखान्यात नेली. टेम्पोत मी नवस बोलली. मुक्या देवा, माजी पोर वाचव, ती दोन वरसांची व्हायच्या आत तुज्यासमोर नारळ फोडीन.

पोर वाचली. दोन फेब्रुवारीला ती दोन वरसांची व्हनार. नारळ अजून फोडला नाय.

२७ नोव्हेंबर

मुका देव म्हंजे काय ते लिहून ठेवते. मॅडमना पण सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

डोंगराच्या पायथ्याला पळसाखाली तो हाय. लोखंडाचा. कोणी बसवला नाय. जमिनीतनं फक्त वीतभर वर आलाय, बाकी अंग आत. वर माशाच्या शेपटासारख्या पाकळ्या हायत, सगळ्या शेंदरानं जाड झाल्यात. त्याच्या भोवती लांबून ओढ्यातल्या दगडगोट्यांचं रिंगण. रिंगणाच्या आत कोणी जायचं नाय. फुलं गोट्यांवर ठेवायची. ढोल नाय, घंटा नाय, दिवा नाय, नारळ नाय. पोरांनी खेळायचं नाय, बकऱ्या न्यायच्या नायत. आवाज चालत नाय म्हणून मुका देव. वरसातनं एकदा माजी सासू लांब बांबूला फडकं बांधते नि रिंगणाच्या बाहेरून शेंदूर लावते. दुसऱ्या कोणाला लावू देत नाय.

मी कर्जतकडची. आमच्यात नारळाशिवाय देव नाय. टेम्पोत तोंडाला जे आलं ते बोलून गेली. नंतर सासूला सांगितलं तर ती बोलली, "दुसऱ्या देवाला फोड."

"नवस ह्याला केला, फोडू दुसऱ्याला?"

"फूल ठेव. ह्याला फूल चालतं."

फुलानं नवस फिटतो काय? माज्या पोरीच्या जिवाचा हाय.

११ डिसेंबर

मिल्ट्रीचे जवान डोंगर तपासत आज पळसापर्यंत आले. काठीला ताटासारखं गोल मशीन. जमिनीखाली लोखंड असलं की कुईं करतं. जुना एखादा गोळा राहिला असंल तर माणसं यायच्या आधी काढायचा, म्हणून. पंधरा दिवस हेच चाललंय. पितळेची टरफलं पोतंभर निघाली.

जैतू त्यांच्यासंगती वाट दाखवायला होता. पळसाजवळ आले तसा जैतू आडवा झाला. "साहेब, हितं देव हाय. बूट नाय चालत. नि तुमचं मशीन आवाज करतं, ह्या देवाला आवाज नाय चालत."

त्यांचा हवालदार उत्तरेकडचा. त्यानं टोपी काढलीन, लांबूनच हात जोडलेन, बोलला, "भगवान की जगह है, छोड़ दो." सातारचे सुभेदार साहेब मागं होते, ते पण हात जोडून बोलले, "देवाला कसलं मशीन लावायचं!" त्यांनी नकाशावर देऊळ काढलं नि पांढरी फीत बांधली. पांढरी म्हंजे तपासून झालं, भीती नाय.

मला एवढं बरं वाटलं. मिल्ट्रीवाले असून आमच्या देवाला मानतात. घरी येऊन सासूला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"मशीन लावलं नाय?"

"नाय. हात जोडले."

तिनं तांदूळ सगळे परत सुपात ओतले नि पहिल्यापासून निवडायला बसली.

३० डिसेंबर

मॅडमनी ठरवलं, वाट मुक्या देवाजवळ संपवायची. "या देवाची गोष्ट दुसरीकडे कुठेच नाही, गोदू. लोकांनी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. नुसतं गप्प. शहरातल्या लोकांना हे मिळत नाही." नि ती गोष्ट मी सांगायची. मी! गंगू आजी बोलली, "गोदे, तू तर नवऱ्याशी पण खाली मान घालून बोलतेस. चाळीस माणसांशी बोलनार म्हंजे मान वर करायला लागंल." चार दिवस भांडी घासताना पाठ करतेय. जैतू समोर बसून मुंबईचा माणूस होतो, मधेच विचारतो, "मॅडम, टॉयलेट कुठं हाय?" मेला.

सव्वीस जानेवारीला पहिली माणसं येनार.

१३ जानेवारी २०१३, रविवार

आज तालीम. जवानांच्या घरची माणसं आली होती, बायका-पोरं धरून वीस. मी बोलली. आवाज पहिल्यांदा फुटला नाय, मंग फुटला. शिक्रा पाखरू दाखवलं, पळसाचं झाड दाखवलं. देवाजवळ सगळे गप उभे राहिले. एवढी माणसं नि एवढी शांतता.

तेवढ्यात एक बाप आपल्या पोरीला घेऊन गोट्यांच्या आत गेला. फोटो काढायला. "बेटा, हाथ लगाओ भगवान को, मैं खींचता हूँ."

माजी सासू कुठनं आली काय ठाऊक. ओरडली नाय. धावली पण नाय, भरभर चालत गेली, एका हातानं पोरगी उचलली, दुसऱ्या हातानं त्या माणसाची कॉलर धरली नि दोघांना बाहेर ओढून आणलं. त्याच्या शर्टाचं बटण तुटलं. तो जाम तापला. मॅडम सॉरी सॉरी बोलत होत्या. पोरगी रडायला लागली तर सासूनं तिच्या तोंडावर हात ठेवला. लोकांनी ते पण बघितलं.

नंतर सुभेदार साहेब मला बाजूला घेऊन बोलले, "ताई, म्हातारीला सव्वीस तारखेला घरात ठेवा. मोठे साहेब नाराज आहेत."

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ केला नाय. भांडण केलं. मी सासूला असं कधी बोलली नाय.

"तुमी माजं काम घालवनार. भट्टीवर परत जायचंय काय आपल्याला? पूर्वीला परत तिथं निजवू?"

"काम कर. तिथं माणसं नेऊ नको."

"का पन?"

"देवाला नाय आवडत."

"देवाला माणसं आवडत नाय, नारळ आवडत नाय, दिवा आवडत नाय. कसला देव हाय हा?"

तिनं माज्याकडं असं बघितलं, मला वाटलं आता मारते. पन उठली नि पूर्वीला काखोटीला मारून बाहेर गेली. जैतू बोलला, "आयला काय बोलू नको. काशीरामदादा गेल्यापासून ती अशीच हाय." काशीराम म्हंजे जैतूचा थोरला भाऊ. जैतू चार वरसांचा असताना गेला. कशानं गेला ते घरात कोणी बोलत नाय. मी विचारलं तर जैतू बोलला, "चांदमारीत." एवढंच.

२२ जानेवारी

पूर्वीला खोकला. अंग कोमट. दवाखान्यातनं औषध आणलं, डॉक्टर बोलले साधा हाय, पन मला माहीत हाय हे कशानं. दहा दिवस राहिले. देव वाट बघतोय.

परवा दुपारी सासू बाजाराला जाते. तेव्हा जाईन. नारळ आणून ठेवलाय, तांदळाच्या डब्यात.

२४ जानेवारी, गुरुवार

अक्षर नीट येत नाय.

दुपारी गेली. पूर्वी कडेवर, नारळ पदरात. डोंगरावर कोणी नव्हतं. मी गोटे ओलांडून आत गेली. पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघितला. शेंदूर एका जागी पोपडा होऊन निघालेला, खाली लोखंडावर रंगानं काढलेले आकडे होते. इंग्रजी. देवाच्या अंगावर आकडे कसे, असं मनात आलं, पन मी डोळे मिटले. फोडायला दुसरा दगड जवळ नव्हता. मला वाटलं, देवाच्याच डोक्यावर फोडते, मंग तर नवस पक्का फिटंल. पूर्वीला खाली बसवली. नारळ वर उचलला.

"गोदे."

एवढं हळू की मला वाटलं देवच बोलला. मागं सासू. बाजाराची पिशवी खांद्याला तशीच. गोट्यांच्या बाहेर उभी, तोंड राखेसारखं.

"हळू. नारळ टाकू नको. हातातच धर. पोरीला उचल. आली तशीच पाठी ये. पावलावर पाऊल."

मी आली. तिनं पूर्वीला माज्या हातनं घेतलं नि आमी पळसाच्या पार पलीकडं चालत गेलो, पार ओढ्यापर्यंत. तिथं ती खाली बसली.

मंग सांगितलं. जसं बोलली तसं लिहिते.

"माजा काशीराम एकोनीस वरसांचा होता. सगळी मानसं तेव्हा पितळ वेचायची. कळंबोलीला भंगारात जायचं. असाच एक गावला त्याला. पाकळ्यांचा. घराच्या मागं बसून हातोडीनं पाकळ्या सोडवत होता. मी भाकरी टाकत होती. बाकी काय सांगू? जमा करायला चादर लागली.

"त्याच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मानसं बोलली, पळसाखाली अजून एक हाय, ह्याच्याहून मोठा. संध्याकाळी पहारी घेऊन काढू. जैतूचा बाप पन. पोराची राख थंड नाय नि हे. मी सांगितलं तर बोलले, बाई हाय, घाबरली. मिल्ट्रीला सांगावं तर पितळ वेचतात म्हणून पोलीस ह्यांनाच धरनार. मंग मी शेंदूर घेतला. दुपारची गेली नि लावला त्याला. ह्या हातानं. वाटलं, लावताना फुटला तरी चालंल.

"संध्याकाळी मानसं आली. बघितलं शेंदूर हाय. पहारी खाली ठेवल्या, हात जोडले, घरी गेले. तेवीस वरसं झाली. कोनी हात लावला नाय."

मी विचारलं, "म्हंजे तो देव नाय?"

ती बोलली, "बाँब हाय तो, गोदे. तू पोरीला त्याच्यासमोर बसवली."

२५ जानेवारी, शुक्रवार

रात्री पूर्वीला छातीवर घेऊन बसली. सारखा तो नारळ दिसतो, वर उचललेला.

सकाळी सासू बोलली, "सांगू नको. वाट दुसरीकडनं ने, बस. सांगितलंस तर साहेब सगळा डोंगर बंद करनार. तुजं काम जाईल, सगळ्या बायकांचं जाईल. नि वाडी मला काय बोलंल? तेवीस वरसं खोटा देव पुजायला लावला."

मला पन तेच वाटलं. खरं लिहिते. मला वाटलं, मॅडमना सांगू वाट ओढ्याकडनं वळवा, तिकडं पाखरं जास्त. गप बसायचं. भट्टी नको. आंघोळ घातली, साडी नेसली, छावणीच्या फाटकापर्यंत हेच पाठ करत गेली. ओढ्याकडनं वळवा, ओढ्याकडनं वळवा.

फाटकावर चाळीस माणसांची यादी लावली होती. उद्याची. नावापुढं वय. ४१, ३८, ९, ६. एका घरच्यांनी तर दीड वरसाचं पोर आणायचं लिहिलं होतं. दीड.

सुभेदार साहेब चहा पीत होते. मी बोलली, "साहेब, मुका देव देव नाय."

सगळं सांगितलं. मान वर करून सांगितलं. ते उठले, परत बसले.

"नारळ फोडला का तुम्ही?"

"नाय."

"कुणी हात लावलाय? त्या दिवशीच्या मुलीनं?"

"नाय. सासूनं ओढली तिला."

त्यांनी नकाशा उघडला, त्यावरचं देऊळ बघितलं. "ज्या बाईला मी घरात ठेवा म्हणालो..." नि फोन उचलला. आधी का सांगितलं नाय असं त्यांनी विचारलंच नाय. त्यांनी स्वतः हात जोडले होते तिथं.

२६ जानेवारी

कोणी आलं नाय. मॅडमनी रात्रभर बसून चाळीस घरांना फोन केले. पळसाकडं लाल फिती. मॅडम माज्याशी एवढंच बोलल्या, "मी तिथे लोकांना थांबवणार होते, गोदू. गप्प उभं करणार होते."

कुळीथ भिजवलेला होता. गंगू आजीनं तो घरोघर वाटला. कोणी हसलं नाय.

२८ जानेवारी, सोमवार

सकाळी सगळी वाडी उठवून पलीकडच्या शाळेत बसवली. बकऱ्या पन. अकरा वाजता आवाज झाला. शाळेची कौलं हलली. माज्या कानात अजून वाजतंय. पूर्वी माज्या पोटात तोंड खुपसून रडली. जिवंत होता तो. एवढी वरसं जिवंत होता.

सासूनं कान झाकले नायत. तोंडावर पदर घेऊन बसली होती.

तरणी पोरं तापली. गंगू आजीचा नातू भरत बोलला, "मिल्ट्रीनं आपला देव उडवला नि गोदूवयनीनं दाखवून दिला. पगारासाठी." कोणी माज्याजवळ बसलं नाय.

३० जानेवारी

वाडीची बैठक झाली. वडाखाली. मी पूर्वीला घेऊन मागं बसली. भरत बोलत होता, आमाला देव परत पायजे, मिल्ट्रीनं देऊळ बांधून द्यावं, गोदूला कामावरनं काढावं. जैतू उठला भांडायला. त्याच्या आधी सासू उठली. कधी बैठकीत बोलली नाय ती.

"गोदूला काय बोलू नका. शेंदूर मी लावला होता. त्यात देव नव्हता. मला ठाऊक होतं. मी सगळ्यांना फसवलं."

एवढं बोलली नि उभीच राहिली, कोणीतरी काहीतरी मारंल अशी.

मंग गंगू आजीनं तोंडातली तंबाखू थुंकली.

"ठमे, खाली बस. मोठी आली फसवनारी."

"आगं, मी खरं..."

"आमाला काय डोळे नव्हते? माजा म्हातारा पहार घेऊन पहिला गेला होता तिथं. घरी येऊन मला बोलला, शेंदूर ओला हाय गंगे, नि ठमीची बोटं लाल हायत. चौघांनी बघितलं. तुज्या नवऱ्यानं पन बघितलं."

सासू बोलली, "त्यांनी मला कधी..."

"बोलायचं काय त्यात? पोर गेलं होतं तुजं. मानसांना लाज वाटली. हात जोडले ते काय लोखंडाला जोडले?" नि भरतकडं वळली. "नि तू रे! तुजा बाप तेव्हा काशीरामाच्या शेजारी बसायचा हातोडी घेऊन. तो शेंदूर नसता तर तू आज कुठनं बडबडला असतास?"

भरत खाली बसला. सासू अजून उभीच होती. मी जाऊन तिला धरून बसवली. ती माज्याकडं न बघता बोलली, "त्यांनी बघितलं होतं, गोदे." चार-पाच वेळा तेच.

१ फेब्रुवारी

मॅडम आल्या होत्या. सगळा डोंगर परत मशीननं तपासनार, देवाची जागा असो नाय तर कसलीही. होळीनंतर बघू, कदाचित पावसाळ्यानंतरच. साहेबांनी बंद केलं नाय, पन चालू पन नाय. जैतू आज भट्टीवर गेला. एकटाच. बोलला, तू पोरीला घेऊन हितंच राहा, पाखरांची वही भर.

मॅडम सासूजवळ बसल्या. विचारलं, "ठमाबाई, लोक आले की ही गोष्ट सांगू का आम्ही? तुमची परवानगी असेल तर."

सासू बोलली, "गोदू सांगंल. पन काशीरामाचं नाव घेऊन सांगायचं. पोरगा बोलायचं नाय. नाव घ्यायचं."

२ फेब्रुवारी, शनिवार

पूर्वी दोन वरसांची झाली. खोकला गेला.

सकाळी सासूनं तांदळाच्या डब्यातनं नारळ काढला. तिला ठाऊक होतं कुठं ठेवलाय ते. "चल," बोलली. गंगू आजी पन काठी टेकत आली.

पळस अर्धा जळलाय. खाली मोठा खड्डा, कमरेएवढा. गोटे उडून लांब पडलेत, थोडे जागेवर हायत. लाल फिती काढल्यात. आमी तिघी सवयीनं गोट्यांपाशीच थांबलो.

"फोड," सासू बोलली. मी नारळ वर केला नि माजा हात तिथंच राहिला. नाय जमलं. सासूनं घेतला. गोट्यांच्या बाहेर एक दगड होता, त्यावर मारलान. नाय फुटला. परत मारलान. नाय फुटला.

गंगू आजी बोलली, "तेवीस वरसांत विसरली. दे हिकडं, तुज्या देवाच्यानं काय व्हनार नाय."

सासू हसली. मी तिला अशी हसताना बघितलं नव्हतं. तिसऱ्या वेळेला फाट्कन आवाज झाला, पूर्वी दचकली, आमी तिघी पन दचकलो. पाणी सगळं मातीत गेलं. पूर्वीनं रडायला तोंड वाकडं केलं, मंग पांढरं खोबरं दिसलं तसा हात पुढं केलान.

सासूनं पहिला तुकडा लांबूनच खड्ड्यात टाकला. "हा काशीरामाचा." दुसरा पूर्वीला दिला. पूर्वी तो तुकडा चोखत खड्ड्याच्या कडेला जाऊन बसली नि माती उकरायला लागली. नाकाला शेंबूड. मी जाऊन पुसला, पदर झटकला, तिला उचलली.

मंग वळून बघितलं तर सासू नि गंगू आजी गोट्यांच्या पलीकडं उभ्या होत्या नि मी आत. गोटे कधी ओलांडले ते मला कळलंच नाय.